एकशे नऊ दारांचे घर

दसरा झाला की भूम, वाशी आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि पुढचे पाच-सहा महिने फडालगतच्या कोपीत काढायचे असतात. उसाच्या मागे परमुलखात जाण्याची मराठी माणसाची ही वाट साखर कारखान्यांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ती मुंबई बंदरातून निघून थेट मॉरिशसला पोहोचत होती.

त्या बेटावर मोका नावाचे गाव आहे. तेथे १८३० मध्ये बांधलेले ‘युरेका’ हे लाकडी घर आज संग्रहालय म्हणून उभे आहे. चहूबाजूंनी प्रशस्त व्हरांडा, मागे डोंगर, खाली दरीत नदी आणि धबधबे. घराला १०९ दारे आहेत. ही केवळ हौस नव्हे; दमट उन्हाळ्यात वारा घरभर खेळता राहावा, ही त्यामागची योजना. १८५६ मध्ये युजीन लेक्लेझिओ या धनिक वकिलाने ते लिलावात घेतले. बोली आपल्या नावावर सुटताच तो ‘युरेका!’ म्हणून ओरडला आणि तेच घराचे नाव पडले, असे सांगतात. २००८ चे साहित्याचे नोबेल मिळवणारे ज्याँ-मारी गुस्ताव्ह लेक्लेझिओ याच घराण्यातले.

१९८६ पासून पाहुण्यांसाठी उघडलेल्या या घरात जुने नकाशे आहेत, पियानो आहे, पूर्वेकडून आणलेले सामान आहे. स्वयंपाकघर मात्र मुख्य घरापासून वेगळे, दगडी. लाकडी घराला आगीची धास्ती, म्हणून चूल दूर ठेवलेली. त्या अंतरामुळे आणखी एक गोष्ट साधत असे: राबणारे हात दिवाणखान्यातून दिसत नसत.

हे वैभव आले कोठून? १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. १८२५ मध्ये येथल्या साखरेवरील ब्रिटनमधील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आली आणि जमीनदारांनी बेटभर ऊस लावला. पण तो तोडायला गुलाम होते आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी येथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांची नजर आधीच हिंदुस्थानाकडे वळली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना ५ रुपये, शिवाय शिधा. पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे याच रीतीने आली. गुलामगिरी गेल्यावर जगभरच्या मळ्यांवर जी करारबद्ध मजुरी रुजली, तिचा मोठा प्रयोग इंग्रजांनी या बेटावर केला.

कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईहून आलेले थोडे. त्यांत रत्नागिरीकडचे बरेच. बेटावर त्यांना बंदराच्याच नावाने ‘बॉम्बे’वाले म्हणत. गावच्या मुकादमाची जागा येथे ‘सरदारा’ने घेतली. शिवकाळ वाचणाऱ्याला हा शब्द चमकवील, पण मळ्यावरचा सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीवरचा देखरेख्या. एक दिवस कामाला खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर जुन्या मजुराला स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पाडले. तो नसेल तर भटक्या ठरवून अटक. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या मळेवाल्याने मजुरांच्या वतीने ९,४०१ सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कोठे शाही आयोगाची चौकशी बसली.

युरेकाचे दिवाणखाने जपले गेले. मजुरांच्या गवताने शाकारलेल्या झोपड्या मात्र एखाद्या चक्रीवादळातही आडव्या होत. त्यांचे संग्रहालय व्हायचे तरी कशाचे? म्हणून हे घर पाहणाऱ्याने मोक्यातच असलेल्या महात्मा गांधी संस्थेकडेही वळावे. इंग्रज सरकारने ठेवलेली स्थलांतरितांची दप्तरे तेथे आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक, पुढे नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण. परक्या कारकुनाने कानावर पडेल तसे टिपल्यामुळे मराठी नावे ओळखू येणार नाहीत इतकी वाकलेली. माणूस पळाला तर सापडावा, एवढ्यासाठी हा तपशील लिहिला गेला.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर या माणसांनी जेथे पाय ठेवला, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते. २०२३ मध्ये मोक्यातच शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याचे मान्य केले. त्यासाठी वंशाचा पुरावा शोधताना पणतवंडे त्याच दप्तरांपाशी येतात आणि खापरपणजोबांचा क्रमांक विचारतात.