एकनळीवरची अक्षरे

कोकणपट्टीतल्या अनेक जुन्या घरांत माळ्यावर किंवा आढ्याखाली एखादी एकनळी बंदूक असे. रानडुकरांपासून शेताची राखण करायची म्हणून आजोबा-पणजोबांनी परवाना काढलेला असे. कुणी तिला ठासणीची म्हणे, कुणी काडतुसाची. तिची ओळख तेवढीच. ती कुठे घडली, आपल्या घरात कोणत्या काळात आली, हे विचारावे असे कुणाला वाटले नाही. आम्हालाही बरीच वर्षे वाटले नव्हते. पण बंदूक जसे हत्यार आहे तसा तो दस्तऐवजही आहे. खानदानाचे कागद वाळवीने खाल्ले तरी लोखंडावरची अक्षरे टिकतात. ती वाचायला मात्र आपण शिकले पाहिजे.

वाचण्याआधी एक काळजी घ्यावी. बंदूक कितीही जुनी असो, ती भरलेली आहे असे समजूनच हाताळावी आणि जाणकाराकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. पहिला प्रश्न त्यानंतर विचारावा: ही भरत कुठून? तोंडातून दारू व छर्रे घालून गजाने ठासायची असेल, तर ती ठासणीची. घोड्यात गारगोटी बसवायची सोय असेल तर तिची घडण अधिक जुनी, तांब्याची टोपी बसवायची बोंडी असेल तर एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. मागून उघडून काडतूस घालता येत असेल, तर आपण कारखान्यांच्या युगात आलो.

ठासणीच्या लष्करी बंदुकीत एक गोष्ट विशेष पाहावी. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट, व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे आणि टॉवर किंवा एन्फिल्ड हे शब्द असतात. बाहेरून ती 1853 च्या एन्फिल्ड रायफलीसारखीच दिसते. आत डोकावले की फरक कळतो. रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी दूरवर नेमकी जाते. हिची नळी मात्र आतून गुळगुळीत आणि रुंद, 0.656 इंचाची. 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी इंग्रजांनी मुद्दाम अशा बंदुका काढल्या. चाल, वजन, रूप गोऱ्या सोल्जराच्या बंदुकीचे. नेम मात्र त्याच्यापेक्षा कमी पल्ल्याचा. पुढे 1871 मध्ये गोऱ्या पलटणींसाठी मार्टिनी-हेन्री रायफल आली, तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती जुनी स्नायडर ठेवली गेली. सरकारचा अविश्वास कुठल्या जाहीरनाम्यात सापडला नाही तरी नळीत बोट घातल्यावर सापडतो.

आता काडतुसाची एकनळी. तिची नळी दस्त्यापासून सुटी करून उलटी धरली की खालच्या बाजूला बारीक ठसे दिसतात. 12 हा आकडा सर्वांच्या परिचयाचा. अर्थ थोड्यांना ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. म्हणूनच 16 चा आकडा मोठा आणि नळी लहान.

आकड्याशेजारी परीक्षेचे ठसे असतात. 1813 च्या कायद्याने बर्मिंगहॅममध्ये परीक्षाघर स्थापन झाले. तिथे जादा दारू भरून नळी तपासत आणि टिकली तर ठसा मारत. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड असतील, तर ती बंदूक बहुधा 1904 च्या आधीची. मुकुटाखाली बीपी, बीव्ही ही अक्षरे 1904 नंतरची. एनपी म्हणजे धूरविरहित दारूसाठी तपासलेली. बीएनपी असेल तर 1954 च्या नियमांनंतरची. 'नॉट फॉर बॉल' हे शब्द 1875 ते 1887 मधले: नळीचे तोंड आवळलेले आहे, एकसंध गोळी मारू नका, असा त्यांचा इशारा. लंबवर्तुळात ईएलजी अक्षरे असतील तर बंदूक बेल्जियमच्या लिएज शहराची. वर मुकुट असेल तर 1893 नंतरची. अशा चार ठशांवरून घराण्याची एक तारीख हाती लागते.

काही नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला 'दमास्कस' म्हणतात आणि आपली मंडळी ती दमिश्कहून आली असे अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, जोडून ती नळी बर्मिंगहॅम किंवा लिएजमध्ये घडवलेली असते. नाव दमिश्कचे, घाम युरोपातल्या लोहारांचा. कारागिरी म्हणून ती थोरच आहे, पण तिच्यात आजचे काडतूस कधीही उडवू नये. जोड आतून गंजलेले असतात आणि नळी हातातच फुटू शकते.

बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कारखान्याची एकनळी वेगळीच कथा सांगते. मार्टिनीच्या धर्तीवर खालची तरफ ओढली की ती उघडते. पहिल्या महायुद्धानंतर या कारखान्याने इजिप्तसारख्या इंग्रजी अमलाखालच्या मुलखांतील पोलिसांसाठी एक बंदूक काढली. तिचे काडतूस मुद्दाम वेगळ्या मापाचे होते. पोलिसाची बंदूक कुणी पळवली, तर तिला बाजारातले काडतूस चालू नये, हा हेतू. लोकांनी साध्या काडतुसाला कागद गुंडाळून ते बसवायची युक्ती शोधली. मग कारखान्याने आतली पिनच तीन टोकांची केली, जेणेकरून खास काडतुसाशिवाय बार उडूच नये. जिथे शिपायाच्या हातातल्या बंदुकीचीही भीती होती, तिथे प्रजेची किती असेल?

तिचे उत्तर 1878 च्या हत्यार कायद्यात आहे. लॉर्ड लिटनच्या या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट मिळाली. 1887 मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्याच अधिवेशनात बिपिनचंद्र पाल यांनी या भेदभावाच्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. त्या व्यासपीठाचे अध्यक्षपद एका मुसलमान बॅरिस्टरकडे होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

देशी कारागिरीचाही धागा आहे. बंगालचे नवाब मीर कासीम यांनी 1762 च्या सुमारास राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली. त्यांचे आर्मेनियन सेनापती गुर्गीन खान यांनी तिथे हत्यारे घडवण्याचा कारखाना उभारला. 1764 ला बक्सरच्या लढाईत नवाबांचा पराभव झाला, पण मुंगेरच्या लोहारांचा हात टिकला. स्वातंत्र्यानंतरही तिथल्या परवानाधारक कारखान्यांत एकनळ्या बनत राहिल्या. नळीवर मुंगेर हे नाव दिसले, तर बंदूक 'विलायती नाही' म्हणून नाक मुरडू नये. त्या नावामागे दोनशे वर्षांची परंपरा आहे.

1959 चा शस्त्र कायदा 1962 मध्ये अमलात आला. संरक्षण किंवा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक आणि शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांची त्यात स्वतंत्र तरतूद आहे. दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या कालबाह्य किंवा पुराणमोलाच्या हत्याराला कायद्यात सूटही आहे. पण कायद्यापेक्षा भीती मोठी ठरते. 1992-93 नंतर आपल्या घरात जुने हत्यार ही आठवण राहिली नाही, जोखीम झाली. परवाना असूनही लोक त्याविषयी दबक्या आवाजात बोलू लागले. परवानाधारक अल्लाला प्यारे झाले की वारसांना ती वस्तू कधी एकदा घराबाहेर जाते असे होई.

बंदूक घरात ठेवलीच पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. परवान्याचा वारस नसेल तर ती रीतसर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. लपवू नये, खाडीत फेकू नये. पण जमा करण्यापूर्वी नळीवरच्या ठशांची छायाचित्रे घ्यावीत, परवान्याची नक्कल ठेवावी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून चार ओळी लिहून काढाव्यात. वस्तू सरकारजमा होईल, आठवण आपल्याकडे राहील. आपल्या खानदानावर सरकारने कधी किती भरवसा ठेवला, याची नोंद त्या लोखंडात आहे. ती पुढच्या पिढीची अमानत आहे, आणि अमानत न वाचता परत करायची नसते.