अतिपात्रता आणि खंड : एका अर्जातील दोन शंका

पदाला लागते त्यापेक्षा अधिक शिक्षण किंवा अनुभव उमेदवाराकडे असणे म्हणजे अतिपात्रता. नोकरी सुटल्यापासून पुन्हा अर्ज करेपर्यंतचा काळ म्हणजे खंड. या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात आल्या की तो बहुधा बाजूला पडतो आणि उमेदवार स्वतःच्या लायकीवर शंका घेऊ लागतो. वास्तविक प्रश्न लायकीपेक्षा माहितीचा असतो. नेमणुकीआधी माणूस पुरता कळत नाही, म्हणून मालक दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या गुणांचा अंदाज बांधतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या विवेचनाचे सार हेच आहे.

मात्र दोन्ही खुणांतून निघणाऱ्या शंका वेगळ्या आहेत. अतिपात्रता पाहून मालक विचारतो, ‘हा टिकेल का?’ शिकवायला वेळ घालवायचा आणि चांगली संधी येताच माणूस निघून जायचा, ही त्याची भीती असते. खंड पाहून तो विचारतो, ‘हिला हे काम आता जमेल का?’ अमेरिकेतील एका प्रयोगात शंभर शहरांतल्या जाहिरातींना सुमारे बारा हजार काल्पनिक अर्ज पाठवले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बेकारीचा काळ वाढतो तशी मुलाखतीची बोलावणी घटतात, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते.

खरी अडचण या दोन शंकांच्या संयोगात आहे. खंड झाकण्यासाठी पदव्या पुढे केल्या की ‘टिकेल का’ ही शंका बळावते. पदव्या वगळल्या तर बायोडेटात आणखी मोकळी वर्षे दिसतात. शिवाय लपवणे अंगाशी येऊ शकते. शिपायाच्या पदासाठी उमेदवार पदवीधर नसावा, अशी एका सरकारी बँकेची अट होती. पदवी दडवून अर्ज करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिलासा नाकारला. त्याच न्यायालयाने नागपूर जिल्हा न्यायालयातील शिपाईभरतीच्या प्रकरणात मात्र, केवळ जास्त शिकला म्हणून उमेदवाराचा विचारच न करणे तर्कसंगत नाही, असे २००० साली म्हटले होते. जास्तीची पात्रता हा सरसकट दोष नाही. ती दडवणे मात्र दोष ठरू शकतो.

म्हणून प्रत्येक शंकेला स्वतंत्र आणि पडताळता येईल असे उत्तर हवे. समजा, एम.कॉम. झालेल्या, हिशेब विभाग सांभाळलेल्या एका बाईंनी मुलांसाठी २०१६ साली नोकरी सोडली आणि आता त्या अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहेत. त्या गेल्या तेव्हा व्हॅट होता; १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. अशा वेळी ‘मी लवकर शिकते’ हे वाक्य कुणीही लिहू शकते, त्यामुळे त्याला वजन नाही. ‘गेले सहा महिने एका दुकानाचे जीएसटीआर-१ आणि ३बी भरते, टॅलीत नोंदी करते’ या वाक्यामागे केलेले काम आहे, आणि ते दुकानदाराला विचारून पडताळता येते. खंडाचे कारण एका ओळीत, अजिजी न करता सांगावे. टिकण्याविषयी ठोस कारण द्यावे : घर जवळ आहे, ठरलेली वेळ हवी आहे, या पगाराची कल्पना आहे. कारण खरे असेल तरच लिहावे, कारण मुलाखतीत त्याचीच उलटतपासणी होते.

पण सगळा भार उमेदवारावर टाकणे अन्यायाचे आहे. बाळंतपण, मुले, घरातले आजारपण यांमुळे पडणारा खंड आपल्याकडे बहुतांशी बायकांच्याच वाट्याला येतो. अशा स्त्रियांना ठरावीक मुदतीचे प्रकल्प देऊन परतीची वाट खुली करणारा कार्यक्रम टाटा समूहाने २००८ साली सुरू केला. लहान आस्थापनांनाही हे जमण्यासारखे आहे : अर्ज बाजूला टाकण्याआधी शंका सरळ विचारावी आणि आठवडाभराचे काम, योग्य मोबदला देऊन, करून पाहावे. अंदाजाने हुकणारी माणसे अशा कसोटीत सापडतात.