स्प्रिंगचे काम आणि वजनाचे काम

आगगाडीच्या जुन्या डब्यांच्या दोन्ही टोकांना असलेले वाटोळे लोखंडी दट्टे आपण पुष्कळदा पाहिले असतील. त्यांना बफर म्हणतात. एका डब्याने दुसऱ्याला दिलेला धक्का ते अंगावर घेतात आणि आतली स्प्रिंग त्यांना पुन्हा जागेवर आणते. हाच शब्द आणि हीच कल्पना पुढे बंदुकीच्या दस्त्यात शिरली. तेथील बफर आणि स्प्रिंग यांची निवड हा वरवर पाहता अगदी किरकोळ विषय आहे. परंतु त्याच्या मागे जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात माणसांचे प्राणही गुंतलेले आहेत.

पिस्तुलाचे काडतूस वापरणारी, पण खांद्याला लावून झाडावयाची आखूड बंदूक म्हणजे येथे अभिप्रेत असलेली कार्बाईन. अमेरिकेत असे हत्यार घेऊन, एका जागेवरून दुसऱ्या जागी धावत जाऊन, ठरलेली निशाणे कमीत कमी वेळात टिपण्याच्या स्पर्धा होतात. तेथील युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन या संस्थेने २०१६ साली या कार्बाईनसाठी स्वतंत्र वर्ग सुरू केला. तेव्हापासून स्पर्धकांना एक प्रश्न सतत पडत आला आहे : दस्त्यात कोणती स्प्रिंग घालावी? हलकी की कडक? या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळण्यापूर्वी इतिहासात शोधावे लागते.

प्रारंभ करावयाचा तो रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञापासून. स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ मध्ये प्रथम एका अक्षरकोड्याच्या रूपाने प्रसिद्ध केला, आणि १६७८ मध्ये ते कोडे स्वतःच उलगडून दाखविले. जसा ताण, तसे बल, हा त्याचा आशय. स्प्रिंग दुप्पट दाबली की तिचा प्रतिकारही दुप्पट होतो. या नियमाची दुसरी बाजू मात्र सहज विसरली जाते. स्प्रिंग थोडीच दाबली गेली असेल, तर तिचा प्रतिकारही थोडाच असतो.

आता या कार्बाईनची रचना पाहू. बहुतेक कार्बाईनमध्ये नळीचे मागचे तोंड कोणत्याही खिटीने बंद केलेले नसते. एक जड बोल्ट त्या तोंडाशी नुसता टेकलेला असतो आणि त्याच्या मागे स्प्रिंग असते. दारू पेटली की वायू गोळीला पुढे आणि रिकाम्या काडतुसासह बोल्टला मागे ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे याहून सरळ उदाहरण क्वचितच सापडेल. प्रश्न असा की, गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत मागचे तोंड बंद कोण ठेवतो? पाहणारा चटकन म्हणेल, स्प्रिंग. हे उत्तर चुकीचे आहे. नऊ मिलिमीटरच्या काडतुसातील दाब शिगेला पोचतो तेव्हा बोल्टवर हजार किलो वजनाहून अधिक भार येतो. त्या क्षणी स्प्रिंगचे बल असते अवघे काही किलोंचे. असा सामना स्प्रिंगने जिंकणे अशक्यच. दार बंद ठेवते ते बोल्टचे जडत्व. आठ ग्रॅमची गोळी वीस सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत सहाशे ग्रॅमचा बोल्ट जेमतेम पावणेतीन मिलिमीटर मागे सरकतो. तेवढ्यात गोळी निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो.

हा साधा हिशेब जाणकारांच्याही सहजासहजी गळी उतरला नाही. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन ब्लिश याची अशी समजूत होती की, प्रचंड दाबाखाली दोन निरनिराळे धातू एकमेकांना चिकटून बसतात. या तत्त्वावरील त्याच्या कुलपाला १९१५ मध्ये एकस्व मिळाले आणि सेनानी जॉन थॉम्प्सन याच्या प्रसिद्ध बंदुकीत ते काशाच्या तुकड्याच्या रूपाने बसविण्यात आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात उत्पादन स्वस्त आणि वेगवान करण्याची निकड निर्माण झाली. तेव्हा १९४२ च्या सुधारित नमुन्यातून तो तुकडा काढून टाकण्यात आला; आणि बंदूक निर्वेध चालत राहिली. बोल्टचे वजनच पुरेसे होते. वर्षानुवर्षे ज्याला श्रेय मिळत होते, तो तुकडा वस्तुतः अनावश्यक होता.

इंग्लंडमध्ये तर गरज याहूनही तीव्र होती. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला आपली बहुतेक अवजड सामग्री आणि पुष्कळशी शस्त्रे मागे टाकावी लागली. दुसऱ्याच वर्षी रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी स्टेनगन तयार केली. दोघांच्या नावांची आद्याक्षरे आणि एनफील्ड या कारखान्याच्या नावाची पहिली अक्षरे मिळून हे नाव बनले. एक नळकांडे, एक बोल्ट, एक स्प्रिंग. याहून फारसे तीत काही नव्हते. अशा सुमारे चाळीस लाख बंदुका बनल्या. परंतु तिच्यात एक भयंकर दोष होता. बोल्ट पुढे असताना आणि मॅगझिन भरलेले असताना ती दस्त्यावर आपटली, तर जडत्वामुळे बोल्ट मागे सरके, स्प्रिंग दाबली जाई, आणि परतताना बोल्ट काडतूस ओढून ते उडवून देई. चापाला कोणी बोटही लावलेले नसे. ट्रकमधून उतरताना हातून निसटलेल्या बंदुकीने आपल्याच सोबत्याचा बळी घ्यावा, अशा दुर्घटना या जातीच्या शस्त्रांच्या इतिहासात घडल्या आहेत. जे जडत्व गोळी झाडताना रक्षण करते, तेच बंदूक पडताना घात करते. येथे स्प्रिंगलाही मर्यादा होती. ती फार कडक केली तर बोल्ट हाताने ओढणेच कठीण होई. पुढील काळातील शस्त्रांत बोल्ट अडकवून ठेवणारी निराळी खिटी आली, ती या अनुभवातूनच.

दस्त्यातील बफर आजच्या रूपात रूढ केला तो यूजीन स्टोनर या अमेरिकी रचनाकाराने, १९५० च्या दशकात. त्याची रायफल पुढे एम-१६ या नावाने व्हिएतनामच्या युद्धात गेली. तिची यंत्रणा निराळी, वायूच्या जोरावर चालणारी. तथापि तिच्या बफरची कथा आपल्या विषयाशी निगडित आहे. रायफलची रचना एका प्रकारच्या दारूसाठी झाली होती. सैन्याने काडतुसात दुसऱ्या प्रकारची दारू भरली. गोळ्यांचा वेग तोच राहिला, पण यंत्रणेची गती वाढली. बोल्ट अधिक जोराने मागे-पुढे आदळू लागला. १९६६ मध्ये आत सरकती वजने असलेला नवा, जड बफर आणावा लागला. दरम्यान रणांगणावर रायफली अडत होत्या आणि अडलेल्या रायफली हाती घेऊन सैनिक मरत होते. रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी करून दारूच्या या बदलावर स्पष्ट ठपका ठेवला. साफसफाईच्या साहित्याचा अभाव यांसारखी अन्य कारणेही होतीच. पण मुख्य धडा हा की, काडतूस बदलले की बंदुकीचा सारा तोल बदलतो.

१९८० च्या दशकात कोल्ट कंपनीने याच सांगाड्यात नऊ मिलिमीटरचे शस्त्र बसविले. वायूची नळी गेली आणि बोल्ट व बफर यांचे वजन वाढले. आजची बहुतेक स्पर्धेतील कार्बाईन या घराण्यातली आहे. स्टेनगनमध्ये बोल्ट पुढे धावत असतानाच काडतूस उडे, म्हणून वायूची काही शक्ती आधी त्याला थांबविण्यात खर्ची पडे. येथे बोल्ट स्थिर असतो. सारी मदार वजनावरच.

तेव्हा स्पर्धकाने कोणत्या क्रमाने जावे, हे इतिहासच सांगतो. प्रथम काडतूस निश्चित करावे. स्पर्धेच्या नियमांत गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराची किमान मर्यादा ठरलेली असते. बोल्टला मागे ढकलणारी राशी हीच. त्यानंतर वजन. धक्का तेवढाच ठेवून हलता भार सहाशे ग्रॅमवरून साडेचारशेवर आणला, तर बोल्टची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते आणि दाब पुरता उतरण्यापूर्वीच काडतूस बाहेर सरकू लागते. ही उणीव कडक स्प्रिंगने भरून निघत नाही. काडतूस फुटून चेहऱ्याला इजा होण्याचा धोका मात्र उरतो. तिसरी पायरी बोल्टच्या प्रवासाची. नऊ मिलिमीटरचे काडतूस आखूड, त्याला रायफलइतका लांब प्रवास लागत नाही. म्हणून बफरच्या नळीत एक ठोकळा घालून तो कमी करतात.

स्प्रिंगची पाळी येते ती या सर्वांनंतर. तिने बोल्टला मागे आपटण्यापूर्वी मंद करावे, परत आणावे, नवे काडतूस मॅगझिनमधून ओढून नळीत बसवावे. एवढेच तिचे काम. ती फार सैल असेल, तर बोल्ट मागे दणका देतो आणि नळी मळली की पुढे पुरता बसत नाही. ती फार कडक असेल, तर घेतलेली ऊर्जा ती तितक्याच जोराने परत करते. बोल्ट पुढे आपटतो, बंदुकीचे तोंड खाली झुकते आणि नेम लक्ष्याखाली जातो. जिच्यामुळे मळलेली बंदूकही बिनचूक बंद होते आणि नेम पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो, ती स्प्रिंग योग्य. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मगच निष्कर्ष काढावा.

आपल्या देशात नऊ मिलिमीटरचे हत्यार सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे ही स्पर्धा आपल्याला दूरचीच. परंतु ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये स्वीकारलेल्या स्टर्लिंगच्या धर्तीवरील कार्बाईन कानपूरच्या कारखान्यात बनली आणि अनेक वर्षे आपल्या जवानांच्या व पोलिसांच्या खांद्यावर दिसली. तिच्या पोटातही हाच हिशेब होता. माझे आयुष्य सरकारी कागदपत्रांत गेले आहे. तेथेही एखादी गोष्ट बिघडली की आम्ही प्रथम नियम कडक करतो, कारण ते सर्वांत सोपे असते. ब्लिशच्या काशाच्या तुकड्यापासून व्हिएतनामच्या रायफलींपर्यंतचा हा इतिहास वाचताना मला वाटत आले आहे की, भार नेमका कोण वाहतो आहे हे आधी पाहावे आणि स्प्रिंगला हात मागाहून लावावा.