लांडगे गेले, श्वान उरला

आजच्या भाषणाचा आरंभ आयर्लंडांतील एका पुराणकथेनें करतों. कुलान नांवाच्या लोहाराच्या घराची राखण एक प्रचंड कुत्रा करीत असे. मेजवानीस उशिरां आलेल्या एका मुलावर तो धावून गेला, आणि मुलानें त्यास ठार केलें. लोहाराचा शोक पाहून मुलगा म्हणाला, “या जातीचें पिल्लूं वाढून मोठें होईपर्यंत तुझ्या घराची राखण मी करीन.” तेव्हांपासून त्यास ‘कूहुलिन’, म्हणजे कुलानचा श्वान, हें नांव पडलें.

ज्याला आपण आज आयरिश वुल्फहाऊंड म्हणतों, त्याचें कूळ असें जुनें मानतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममधील सिम्मॅकस या सरदारानें, खेळांसाठीं सात ‘स्कॉटिक’ कुत्रे पाठविल्याबद्दल आपल्या भावाचे पत्रानें आभार मानले. ते पाहून सारें रोम थक्क झालें, असें तो लिहितो. त्या काळीं ‘स्कॉटी’ हें नांव आयरिश लोकांचें होतें. पुढें कित्येक शतकें हे कुत्रे राजेरजवाड्यांकडे नजराणा म्हणून जात राहिले. अखेर १६५२ सालीं क्रॉमवेलच्या राजवटीनें त्यांच्या निर्यातीस बंदी केली. कारण देशांत लांडग्यांचा उपद्रव फार झाला होता.

येथेंच या कथेंतील दैवदुर्विलास आहे. श्वानानें आपलें काम चोख बजावलें, आणि म्हणूनच तो निरुपयोगी ठरला. आयर्लंडांतील शेवटचा लांडगा १७८६ च्या सुमारास मारला गेला असें सांगतात. त्यापूर्वींच, १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राणिवर्णनपर ग्रंथांत ऑलिव्हर गोल्डस्मिथनें ही जात फार दुर्मिळ झाल्याचें नमूद केलें होतें. लांडग्यावांचून एवढ्या जनावराला पोसणार कोण?

१८६२ च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यांत कॅप्टन जॉर्ज ऑगस्टस ग्रॅहॅम यांनीं हें काम हातीं घेतलें. जुन्या रक्ताचे जे अवशेष मिळाले त्यांचा त्यांनीं स्कॉटिश डिअरहाऊंड, ग्रेट डेन आदि जातींशीं संकर केला. १८८५ सालीं या जातीचा क्लबही निघाला. ही जुनीच जात कीं नवी, हा वाद तेव्हांही झाला. माझ्या मतें, जुन्या पायावर उभारलेली ही नवी इमारत होय.

परंतु रानांतला हा शिकारी आतां दिवाणखान्यांत आला, त्याबरोबर नवें कर्तव्यही आलें. ब्रिटिश मानकाप्रमाणें नराची खांद्यापाशीं उंची निदान ७९ सेंटिमीटर आणि वजन साडेचोपन्न किलो असावें लागतें. जन्मतः अर्ध्या किलोच्या आसपास असलेलें पिल्लूं वर्षभरांत पन्नास किलोंच्या घरांत जातें. हाडें इतक्या वेगानें वाढत असतां त्यास दूरवर धांवविणें, जिने चढविणें किंवा हौसेनें अति खाऊं घालणें हा लाड नव्हे, अपाय होय. कठीण फरशीवर त्यास जाड अंथरूण हवें. अन्न थोडथोडें विभागून द्यावें, आणि जेवणानंतर लगेच पळूं देऊं नये. कारण छाती खोल असलेल्या या कुत्र्यांचें पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. तसें झाल्यास कांहीं तासांतच प्राण जातो. अशा वेळीं घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ पशुवैद्य गांठावा. थंड देशांतील हा प्राणी मुंबईच्या उकाड्यांत ठेवावयाचा तर आधीं दहा वेळां विचार करावा.

आणखी एक गोष्ट हौशी मंडळी लपवितात. या थोर देहाला आयुष्य तोकडें मिळालें आहे. सरासरी सुमारें सात वर्षांचें. हृदयविकार आणि हाडांचा कर्करोग यांनीं पुष्कळ जण जातात. पांच वर्षांच्या मुलाला पिल्लूं आणून दिलें, तर बाराव्या वर्षीं त्या मुलाला निरोपाचें दुःख सोसावें लागेल. हें आईबापांनीं आधींच मनाशीं धरावें.

कूहुलिननें श्वानाच्या वतीनें घराची राखण पत्करली होती. आपल्या काळीं राखावयाचें घर उरलें नाहीं, लांडगेही नाहींत. आतां राखण श्वानाचीच करावयाची आहे. आणि त्या मुलाप्रमाणें दिलेला शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळावयाचा आहे.