पांढऱ्या वाळूत हरवलेला खटला

१ फेब्रुवारी १८९६. न्यू मेक्सिकोतील ‘व्हाइट सँड्स’ या पांढऱ्या वाळवंटाच्या कडेने एक घोडागाडी लास क्रूसेस गावाकडे निघाली होती. गाडीत दोघेच होते: अल्बर्ट जेनिंग्ज फाउंटन हा नामांकित वकील आणि त्याचा आठ वर्षांचा मुलगा हेन्री. दोघेही घरी पोहोचले नाहीत. त्यांचे मृतदेह आजतागायत सापडलेले नाहीत.

बेपत्ता माणसांच्या कथांत सहसा ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न असतो. या प्रकरणात संशयितांची नावे लवकरच लोकांच्या तोंडी आली होती. कठीण होते ते सिद्ध करणे. आणि कोणाच्या हद्दीत, कोणत्या ज्युरीपुढे सिद्ध करायचे, हे त्याहून कठीण.

न्यू मेक्सिको तेव्हा राज्य नव्हते, ‘टेरिटरी’ होते. त्याला राज्याचा दर्जा मिळाला तो १९१२ मध्ये. गव्हर्नर आणि न्यायाधीश यांची नेमणूक वॉशिंग्टनहून होई; तिथे पक्ष बदलला की इथली पदेही हात बदलत. फाउंटन रिपब्लिकन होता. यादवी युद्धात कॅलिफोर्नियाच्या फौजेबरोबर या भागात आलेला हा माणूस पुढे टेक्सासच्या सिनेटमध्ये बसला, मेसिया गावी त्याने वृत्तपत्र काढले, स्थानिक मिलिशियाचे नेतृत्व केले. १८८१ मध्ये बिली द किडवर खुनाचा खटला चालला, तेव्हा न्यायालयाने बिलीसाठी नेमलेल्या वकिलांत फाउंटन होता. त्याचा कट्टर राजकीय प्रतिस्पर्धी म्हणजे डेमोक्रॅट वकील अल्बर्ट फॉल. या दोघांचे वैर संपूर्ण खोऱ्याला ठाऊक होते.

१८९० च्या दशकात पशुपालकांच्या संघटनेने गुरेचोरीविरुद्धच्या खटल्यांसाठी फाउंटनला वकील म्हणून नेमले. दुसऱ्याच्या जनावरावरील मालकीची डागणी बदलून ते आपले म्हणून विकणे, हा त्या काळचा भरभराटीचा धंदा. जानेवारी १८९६ मध्ये लिंकन येथील ग्रँड ज्युरीकडून फाउंटनने ३२ आरोपपत्रे मंजूर करून घेतली. त्यांत ऑलिव्हर ली या तरुण रँचमालकाचे आणि त्याच्या साथीदारांपैकी विल्यम मॅक्न्यूचे नाव होते. ली हा फॉलच्या गोटातला.

फाउंटनला धमक्या येत होत्या. मूल बरोबर असेल तर कोणी हात उगारणार नाही, या भरवशावर पत्नी मारियानाने हेन्रीला त्याच्यासोबत धाडले, असे सांगितले जाते. परतीच्या वाटेवर सातुर्निनो बारेला हा टपालवाहक त्यांना भेटला. दूरवर तीन घोडेस्वार पाठलाग करत असल्याचे दोघांनाही दिसत होते. मागे फिरा, असे बारेलाने सुचवले. फाउंटन पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी बारेलाला त्याच रस्त्यावर गाडीची चाकोरी एकाएकी वाट सोडून वळलेली दिसली. शोधपथकाला चॉक हिलजवळ जमिनीत मुरलेले रक्त आढळले, पुढे वाळवंटात रिकामी गाडी मिळाली. खटल्याची कागदपत्रे नाहीशी झाली होती. टापांचे ठसे लीच्या रँचच्या दिशेने जात होते. पण वाटेत त्यांवरून गुरांचा कळप गेला आणि माग पुसला गेला.

गव्हर्नर थॉर्नटनने पिंकर्टन कंपनीचे गुप्तहेर आणले आणि बिली द किडला ठार करणाऱ्या पॅट गॅरेटला टेक्सासहून बोलावले. गॅरेट डोन्या आना काउंटीचा शेरीफ झाला. तरीही अटकेची वॉरंटे निघायला १८९८ उजाडले. त्या जुलैत वाइल्डी वेल येथे लीला पकडायला गेलेल्या गॅरेटच्या तुकडीतला एक डेप्युटी गोळी लागून दगावला आणि तुकडीला माघार घ्यावी लागली.

यानंतर नकाशाच बदलला. जानेवारी १८९९ मध्ये ओटेरो ही नवी काउंटी स्थापन झाली आणि घटनास्थळ गॅरेटच्या हद्दीबाहेर गेले. तिला गव्हर्नर मिगेल ओटेरोचे नाव देण्यात आले. गव्हर्नराचा अहंकार सुखावण्याची ही युक्ती फॉलला शोभणारीच होती. मग ली आणि जेम्स गिलिलंड शरण आले, पण गॅरेटला नव्हे.

खटला मे १८९९ मध्ये हिल्सबरो या खाणवस्तीत उभा राहिला. बातम्या पाठवण्यासाठी तिथवर तारायंत्राची खास लाइन ओढण्यात आली. आरोप ठेवला होता फक्त हेन्रीच्या खुनाचा. ज्याच्या सोबतीने बापाचा जीव वाचेल असे वाटले होते, त्याच्याच मृत्यूवर सगळी फिर्याद उभी होती. बचावाचे काम फॉलकडे. त्याचा एक मुद्दा अभेद्य ठरला: मृतदेह नाही, मग मूल मेले हे तरी कशावरून? मृतदेहाविना खून सिद्ध होऊच शकत नाही असे नाही. परंतु इथे प्रत्यक्षदर्शी नव्हता, माग पुसला गेला होता आणि सरकारपक्षाचे साक्षीदार उलटतपासणीत टिकले नाहीत. १३ जून रोजी ज्युरीने काही मिनिटांतच दोघांना निर्दोष ठरवले. वडिलांच्या खुनाचा खटला कधी चाललाच नाही.

ली पुढे राज्याच्या सिनेटमध्ये निवडून आला. अॅलामोगोर्डोजवळच्या एका सरकारी उद्यानाला आज त्याचे नाव आहे. २९ फेब्रुवारी १९०८ रोजी लास क्रूसेसजवळच्या रस्त्यावर गॅरेटला गोळी घालण्यात आली. वेन ब्रेझल या तरुणाने स्वसंरक्षणाचे कारण देत कबुली दिली. गोळी डोक्याच्या मागच्या बाजूने लागली होती, तरी तो सुटला. त्याचा वकील होता फॉल. पक्ष बदलून रिपब्लिकन झालेला फॉल सिनेटर आणि १९२१ मध्ये केंद्रीय मंत्री झाला. टीपॉट डोम तेल प्रकरणात लाच घेतल्याबद्दल १९२९ मध्ये तो दोषी ठरला; मंत्रिपदावरील गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला हा पहिला अमेरिकन केंद्रीय मंत्री.

फाउंटन पितापुत्रांचे अवशेष सापडल्याच्या आवया अधूनमधून उठत राहिल्या. एकही सिद्ध झाली नाही. त्या वाळवंटाचा काही भाग आज राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याच्या चहूबाजूंना लष्कराचे क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्र पसरले आहे. फाउंटनच्या वाटेच्याच दिशेने जाणारा महामार्ग क्रमांक ७० चाचणीच्या वेळी थोडा वेळ बंद ठेवतात.