देवळातील गोतसभा आणि राजीनामा

जीर्णोद्धारामुळे आपला सभामंडप आता प्रशस्त झाला आहे. अशा मंडपांत पूर्वी भजनाखेरीज आणखी एक काम चाले, ते नव्या पिढीस सांगावेसे वाटते.

शिवकाळात व पेशवाईत गावचा तंटा गोतसभेपुढे जाई. ती पुष्कळदा देवळातच भरे. देवासमोर खोटे बोलण्यास मनुष्य कचरतो. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. निवाडा मान्य करू, असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत. (राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद, नोकरी सोडण्याचा अर्थ मागाहून आला.) निकालाच्या महजरावर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी.

सारेच गोड नव्हते. पुरावा नसला की दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा. हात भाजला तर मनुष्य खोटा! तो न्याय पुन्हा नको.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनसाहेबांनी पंचायती चालू ठेवून पाहिल्या, पण १८२७ च्या कायद्यांनंतर अदालतींचे प्रस्थ वाढले. कुणबी तारखांना हेलपाटे घालू लागला.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची. फौजदारीपैकी कायद्याने तडजोडीस योग्य तेवढेच गुन्हे तिने मिटवायचे. खून, बलात्कार कोर्टाकडेच. समितीला शिक्षेचा अधिकार नाही. गरिबाला दटावून घेतलेली सही म्हणजे तडजोड नव्हे. दोन्ही पक्ष मनापासून राजी हवेत.