नारळी पौर्णिमा आणि सरकारची तारीख



दरवर्षी १ जूनला आपल्या किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. एकसष्ट दिवस. गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी विचारतात, हे सरकारने आपल्या डोक्यावर कुठून आणून बसवलं? म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो. आणि ती सरकारपासून सुरू होत नाही.

आपल्या आजेसासवांच्या काळात यासाठी कागद लागत नव्हता. मिरगाचा पाऊस जवळ आला की होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, जाळी दुरुस्तीला काढायची. श्रावणातल्या पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मगच होडी पाण्यात. वल्ह्याशिडाची होडी पावसाळी वाऱ्यात टिकत नाही, हे एक कारण. आणि याच दिवसांत कितीतरी जातींचे मासे अंडी घालतात. कोळ्यांनी समुद्र सोडला तो जिवाच्या भीतीने की मासळीच्या काळजीने, यावर वाद घालता येईल. आम्हाला वाटतं, दोन्ही असणार. मासळीला विसावा मात्र मिळत होता.

तो विसावा मोडला यंत्राने. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला. केरळात कोल्लमजवळ नींदकरा आणि शक्तिकुलंगरा या गावांत काम सुरू झालं. हेतू चांगला होता: मच्छीमारांची कमाई वाढावी, गावात दवाखाना यावा, प्यायला चांगलं पाणी मिळावं. पण पुढे कोळंबीला परदेशात दर मिळू लागला आणि ट्रॉलर वाढत गेले. ट्रॉलरचं जाळं म्हणजे मोठी पिशवीच. समुद्राच्या तळावरून ती फरफटत न्यायची. कोळंबीबरोबर पिल्लं येतात, तळाची वाढ खरवडून निघते. कासवंही अडकतात. कासव आपल्यासारखं फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात फार वेळ पाण्याखाली राहिलं तर बुडून मरतं. बुडून मरणारं कासव, ऐकायला विचित्र वाटतं ना?

शिवाय ट्रॉलर पावसाळ्यातही बाहेर पडू लागले. वल्ह्याची होडी घरी, आणि तिच्या वाट्याचे मासे दुसऱ्याच्या जाळ्यात. मग भांडणं पेटली. गोव्यात रापणकार उठले. आपल्या मालवणकडे ओढतात तीच रापण, किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचं जाळं. १९७० च्या दशकात मथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना लढली. केरळात १९८४ साली मोठं आंदोलन झालं; त्यात ख्रिस्ती मठातल्या भगिनीही उपोषणाला बसल्या. गोवा आणि केरळात १९८० साली सागरी मासेमारीचे कायदे झाले, महाराष्ट्रात १९८१ साली. केरळात पावसाळी ट्रॉलबंदी मात्र १९८८ पासून लागू झाली. कायदा झाला म्हणजे काम झालं, असं नसतं. हे आपल्याला रेशनकार्डापासून माहीत आहे.

आपल्याकडच्या नियमात एक गोड गोष्ट होती. बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असायची. म्हणजे सरकारी आदेशात सण लिहिलेला! पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच तारीख आली, १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते, म्हणजे आता नारळ वाहायच्या आधीच होड्या निघतात. काही मच्छीमार संस्था बंदी पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत न्या म्हणतात. आम्हाला त्यांचं म्हणणं पटतं.

पण आमची एक तक्रार आहे. या सगळ्या इतिहासात होड्या मोजल्या, इंजिनं मोजली. डोक्यावरची पाटी कोणी मोजली नाही. होडी बंद असते तेव्हा दारोदार मासळी विकणारीही बंद असते. आणि जूनमध्येच शाळेची वह्यापुस्तकं, गणवेश, बियाणं. आमच्या किनाऱ्यावरच्या गटांची कर्जाची वही पाहिली तर सगळ्यात जास्त मागण्या याच महिन्यातल्या. तेव्हा आधार सुक्या मासळीचा: हिवाळ्या-उन्हाळ्यात वाळवलेला बोंबील, सुकट, जवळा.

बारक्या पापलेटचंही असंच आहे. २०२३ साली राज्याने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, कारण त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. नियम योग्य आहे. पण लिलावात बारका माल स्वस्त मिळतो, आणि हातात कमी पैसे असलेली बाई तोच उचलते. तिला नुसता नियम सांगून काय होणार?

आमच्या दोन गटांनी बंदीसाठी वेगळी बचत सुरू केली आहे. ऑक्टोबरपासून दर बाजाराला वीस रुपये, वहीत वेगळं पान, आणि वाटप जूनच्या पहिल्या आठवड्यात. जून-जुलैचे कर्जाचे हप्ते पुढे ढकलावेत, असा अर्जही बँकेला दिला आहे. बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही.